चाळीस बटणं

"चष्मा कुठे गेला?" खर्जाने सातव्यांदा म्हटलं.

काचेपलीकडे बसलेल्या घड्याळजींनी सातव्यांदा मान हलवली. नाही.

"दादा, तुम्ही चष्मा शोधत नाही आहात," रेकॉर्डिंग करणारी मुलगी म्हणाली. "चष्म्याचं उद्घाटन करताय."

खर्ज हे त्याचं स्टुडिओतलं नाव. जाहिरातीत त्याचा आवाज लागला की रस्त्यातली माणसं मान वळवत. वीस वर्षं घासून त्याने तो आवाज घडवला होता. आणि आज एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा त्याला नापास करत होता.

घड्याळजींना बोलता येत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. आता त्यांच्यापुढे तळहाताएवढं एक यंत्र होतं. त्यावर चाळीस बटणं. बटण दाबलं की खर्जाच्या आवाजात एक वाक्य वाजणार. चाळीसही वाक्यं त्यांनी स्वतः, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात लिहून आणली होती.

त्यांनी वही काचेला टेकवली. "आवाज फार सुंदर आहे. पण हा माणूस आमच्या घरात राहत नाही."

खर्जाचे कान तापले. तो बाहेर आला. "लोक माझा आवाज ऐकायला हातातलं काम सोडतात, घड्याळजी."

घड्याळजींनी फोन काढला. त्यात त्यांच्या आवाजातला एकच जुना निरोप उरला होता, अकरा सेकंदांचा. "अह्. अगं, किल्ली आतच राहिली. दार उघड. आणि हसू नकोस." आवाज बारीक, नाकातला, शेवटच्या शब्दावर वर चढणारा.

लहानपणी खर्ज अगदी असाच बोलायचा. भावंडं त्याला पिपाणी म्हणत. वीस वर्षं त्याने घासून काढलं होतं ते नेमकं हेच.

"हे असलं कशाला?" तो म्हणाला. "यंत्रात तरी चांगला आवाज असू द्या. वहिनी खूश होतील."

या वेळी घड्याळजी बराच वेळ लिहीत होते. "ऑपरेशन झाल्यापासून ही माझ्याशी पाहुण्यासारखी वागते. चिठ्ठी वाचते आणि 'बरं' म्हणते. अडतीस वर्षांत ती मला कधी 'बरं' म्हणाली नव्हती. चिठ्ठीशी भांडता येत नाही हो."

खर्जाने ते दोनदा वाचलं. मग ते अकरा सेकंद वीस वेळा ऐकले. आधी अर्धा सेकंद खाकरणं. मग घाई. शेवटचा शब्द वर. त्याने सगळं कागदावर टिपलं, माइकपासून दोन पावलं मागे सरकला, छाती सैल सोडली आणि पिपाणीला हाक मारली.

"अह्. चष्मा कुठे गेला?"

मुलीने हसू दाबायला ओठ आवळले. "खाकरणं कापू ना?"

"हात लावू नकोस त्याला. आणि हे बाहेर कुठे बोललीस तर बघ."

घड्याळजी डोळे मिटून ऐकत होते. त्यांची मान पुन्हा हलत होती, पण आता वरखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खर्जाचा फोन वाजला. नंबर घड्याळजींचा. पलीकडून कुणी बोललं नाही. लांब कुठेतरी नळ वाहत होता, भांडी वाजत होती. मग जवळच टक् असा आवाज.

"अह्. चष्मा कुठे गेला?"

"कपाळावर," बाईंचं उत्तर नळाच्या आवाजातूनही तडक आलं. "रोज तिथेच असतो, आणि रोज घर डोक्यावर घेता."

मग नळ बंद झाला. भांडी थांबली. खर्जाने श्वास रोखला. चार सेकंद. पाच.

पुन्हा टक्.

"ओरडतेस कशाला?"

"ओरडू नको तर काय करू?" बाई हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "चार महिने गप्प बसले मी. चार महिने. आता ऐकाच."

खर्ज फोन कानाला लावून भिंतीला टेकला. वीस वर्षांत त्याच्या आवाजाला अशी दाद कुणी दिली नव्हती.