दचकत नाही ती

“इतकं गुणी मूल बरं नव्हे,” मुक्कामाला घेतलेल्या खोलीची मालकीण म्हणाली. “रडत नाही, दचकत नाही. एकदा दाखवून घे कुणाला तरी.”

आईने बाळाला खांद्यावर घेतलं आणि हसून म्हणाली, “बँडवाल्यांचं मूल आहे, मावशी. दचकून कसं चालेल?”

दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या गावाला निघाली. बाळाचं नाव मात्र तेव्हापासून गुणी पडलं.

घर म्हणजे ती गाडीच होती. बाबा ती चालवत आणि गिटार वाजवत. काका ट्रम्पेट वाजवत, आई गात असे आणि आजोबा ड्रमवर. आईचा आवाज बारीक, उंच, सुईसारखा. तिच्या अंगाईने गुणी कधी झोपली नाही. आजोबांच्या मोठ्या ड्रमला पाठ टेकली की पाच मिनिटांत गार.

“हिला माझं गाणंच चालत नाही,” आई रुसून म्हणायची.

“जाण आहे पोरीला,” काका म्हणायचे.

स आणि श काही गुणीला जमले नाहीत. ती सायकलला तायकल म्हणायची, आणि लाडाने सगळेच तायकल म्हणू लागले. शाळा दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची. बाई नाव पाठ करेपर्यंत गाडी सुटलेली असे.

बँडची एक सवय होती. मंचावर माइक चालू असताना हाक मारता येत नाही, म्हणून लाकडी फळीवर टाच आपटायची. ती सवय गाडीतही आली. जेवायला या, टाच. दार लाव, टाच. गुणी पहिल्या ठोक्याला वळायची.

सहाव्या वर्षी ती ड्रमवर बसली. अनवाणी, नजर आजोबांच्या पायावर.

“झांज विसरलीस,” आजोबा रोज म्हणत.

“झांज उगाच आहे,” ती म्हणायची. बाकी तिचा ठेका घड्याळाने शिकावा असा.

ती अकरा वर्षांची झाली तेव्हा आजोबांचं मनगट थरथरू लागलं. नेमकं तेव्हाच एका मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकाने बोलावलं. दुपारचा एक कार्यक्रम. आवडला तर आख्ख्या हंगामाचं काम.

“बाहेरचा माणूस आणू,” काका म्हणाले. “एवढ्याशा पोरीच्या भरवशावर हंगाम घालवायचा का?”

“ड्रमवाला दचकला की बँड बसला,” आजोबा म्हणाले. “तू दचकतोस, म्हणून तुला ट्रम्पेट दिला. हिला एकदा बसू दे. डगमगली तर आण तुझा माणूस, मी काठ्या त्याच्या हातात देईन.”

गुणी काठ्या मांडीवर घेऊन दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती.

तिसऱ्या गाण्यात स्पीकर किंचाळला. कानात तार घुसावी तशी शिट्टी. लोकांनी कान झाकले. काकांचा सूर तुटला, बाबांची बोटं घसरली, आईचा शब्द घशातच राहिला. व्यवस्थापक खुर्चीतून उठले.

ठेका मात्र चालूच होता. गुणीने मानही वर केली नाही. धप्, धप्, जणू काही झालंच नाही. शिट्टी थांबली तशी बाबांनी तो ठेका पकडला, मग काकांनी, मग आईने. गाणं संपलं तेव्हा सभागृह उभं होतं.

“हंगाम तुमचा,” व्यवस्थापक मंचामागे येऊन म्हणाले. “पण ड्रमवर हीच हवी.”

आजोबांनी आपल्या जुन्या काठ्या गुणीच्या हातात दिल्या आणि डोळे पुसले. काकांनी तिला उचलून समोर धरलं. “जिंकलीस, बाई. पण एवढी शिट्टी वाजली आणि तू साधी दचकली नाहीस?”

गुणीने त्यांच्या ओठांकडे पाहिलं.

“कतली तिट्टी?”

काका खदखदून हसले. बाबाही हसले.

आई हसली नाही. काकांनी गुणीला खाली ठेवलं तशी ती तिच्या मागे जाऊन उभी राहिली. सवयीने टाच उचलली, आणि तशीच अधांतरी धरली. मग नुसतं नाव घेतलं. एकदा. पुन्हा एकदा. गुणी हातातल्या काठ्याच न्याहाळत होती.

तुमच्या घरी असं गुणी बाळ असेल, तर हे पान मिटा, त्याच्या मागे जाऊन उभे राहा, आणि पाय न वाजवता एकदा हाक मारून बघा.