तिसरी ओळ

"थांबा, थांबा." सहा महिने दर रविवारी वाद्यवृंदाच्या तालमीत मी एकाच जागी हे ओरडत होतो. गाण्याची तिसरी ओळ संपली की चित्रेकाकांचं व्हायोलिन पुढे पळायचं आणि गोरक्षकर बाईंची बासरी मागे राहायची. निवृत्तीनंतर वाद्य हाती धरलेली अकरा माणसं. माझा घसा बसला, त्यांचा ताल काही बसला नाही.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला पटांगण भरलं होतं. पहिल्या दोन ओळी सुरेल गेल्या. तिसरीला मी मनातल्या मनात गणपतीला नारळ कबूल केला. ओळ संपली. व्हायोलिन पळालं नाही, बासरी मागे राहिली नाही.

अकराही जण सवयीनं एकाच क्षणी थांबले होते. इतके एकत्र ते कधीच आले नव्हते.

काकांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि अदबीनं विचारलं, "सर, आज कोण चुकलं?"