आग्रह

"पुढच्या सत्रासाठी जागा एकच आहे," बाई म्हणाल्या. "तू राहशील?"

चिनी भाषा शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी दोनच खुर्च्या होत्या. एकीवर ती बसली होती, दुसरीवर लंबू. हे नाव त्याला तिनंच ठेवलं होतं, आणि त्यानं अर्थ विचारल्यावर 'ज्याच्याकडे लोक मान वर करून बघतात तो' असं बिनदिक्कत सांगितलंही होतं. परदेशातलं हे सत्र आता संपलं होतं. सगळे आपापल्या देशी परतणार होते, एक सोडून. जो राहील त्याचं राहणं-जेवण विद्यापीठाकडे, आणि काम काय, तर बाईंच्या शेजारी बसून जुनी चिनी नाटकं वाचायची. वर्गात पहिली ती, दुसरा लंबू. बाईंनी आधी तिला विचारलं याचं तिला काही नवल वाटलं नाही.

तिला ती जागा हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. भाषा आता कुठे तोंडात रुळत होती. कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा आता तिच्याशी मुद्दाम सावकाश बोलत नसे, इतर गिऱ्हाइकांवर खेकसावं तशीच तिच्यावरही खेकसायची.

तिनं नजर खाली वळवली आणि स्वच्छ चिनीत म्हणाली, "छे छे, बाई. माझी कुठली एवढी लायकी? दुसऱ्या कुणाला तरी द्या."

संस्कृतीच्या तासाला बाईंनीच शिकवलं होतं. इथे कुणी काही देऊ केलं की दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. सगळा वर्ग चक्रावला होता. लंबूनं तर शब्दन् शब्द घोकून पाठ केला होता. ती मात्र गालातल्या गालात हसली होती. एवढं शिकायला तिला विमानात बसायची गरज नव्हती. मावशीकडे जाताना आई जिन्यातच दटावून ठेवायची, "आधी नको म्हणायचं. मावशी आग्रह केल्याशिवाय राहणार नाही."

ती आग्रहाची वाट बघत बसली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि लंबूकडे वळल्या. "तू?"

"हो," लंबू म्हणाला.

बाईंनी फोन उचलला आणि कचेरीचा नंबर फिरवला. कारकुनाला नाव कळवलं की झालं.

संपलं? एवढ्यात? अशा वेळी मावशी निदान हाताला धरून बसवते, रागावते, नाही घेतलंस तर बोलणार नाही म्हणते. इथे तर तोंडचा घास गेला आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही.

"बाई, जरा थांबा. मला हवीय ती जागा."

"आत्ता तर नको म्हणालीस."

"ते पहिलं 'नको' होतं. तुम्हीच शिकवलंत ना?"

बाईंनी रिसीव्हर छातीशी धरला. "अगं, ते आमचं आमच्यात. परदेशी मुलं नको म्हणाली की त्यांना खरंच नको असतं. एकाला मी तीनदा चहा विचारला, तर तो म्हणाला, तुम्हाला ऐकू कमी येतं का? तेव्हापासून तुम्हा लोकांना मी एकदाच विचारते."

"मी त्यातली नाही. आमच्याकडेही आग्रह लागतो."

"हे मला कसं कळणार?"

"म्हणून तर सांगतेय. मला राहायचंय. आणि नाटकं मी याच्यापेक्षा चांगली वाचते."

हे बोलताना तिची मान ताठ होती. खरं तर लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उलट छान मोकळं वाटलं.

बाई विचारात पडल्या. मग लंबूला म्हणाल्या, "तुला दिली ती हिनं नको म्हटलं म्हणून. आता काय करायचं ते तूच सांग."

लंबूचा चेहरा लालबुंद झाला. इतका घोकलेला धडा, आणि ऐन वेळी आपण बाईंसमोर एका झटक्यात हो म्हणून मोकळे झालो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं होतं. तो खुर्चीत सावरून बसला. त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही तळवे पुढे धरले.

"छे छे," तो म्हणाला. उच्चार, सूर, सगळं बिनचूक. "माझी कुठली एवढी लायकी? तिलाच द्या."

रिसीव्हरमधून कारकुनाचं हॅलो हॅलो चाललं होतं. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांना काय म्हणायचंय ते तिला नेमकं कळलं. आता विचारायची पाळी तिची होती. आई शेजारी असती तर तिनं एव्हाना कोपरानं ढोसलं असतं. लंबू मान खाली घालून थांबला होता. आपण पुन्हा विचारलं तर तो पुन्हा नाही म्हणेल आणि त्यानंतर आणखी एकदा विचारलं तर हो म्हणेल, याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

"नाव मीच सांगते, बाई," ती म्हणाली आणि तिनं रिसीव्हर त्यांच्याकडून घेतला.

कारकुनाला तिचं नाव पहिल्यांदा कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा विचारलं. तिन्ही वेळा तिनं ते ठणठणीत आवाजात सांगितलं.

लंबूचे तळवे अजून तसेच पुढे धरलेले होते.