वर चढणारी ओळ

ओळ पुन्हा वर चढली. थोरल्याने ती खाली ओढली, फाइल सेव्ह केली, पुढचं एक नाव टाइप केलं, आणि कोड लिहायच्या एडिटरने आणखी एक ओळ आणून थेट माथ्यावर बसवली. प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच आडवा झाला.

भानगड एवढीच होती. प्रोग्रामला दुसऱ्या फाइलमधलं काही लागलं, की ते आत घेणारी इम्पोर्टची ओळ वरच्या बाजूला लिहावी लागते. त्यातलं नाव टाइप केलं, की ती एडिटर आपोआप लिहितो. पण दोघा भावांच्या या जुन्या प्रोग्राममध्ये एक ओळ पायाची होती. ती सगळ्यांत पहिली हवी, बाकीच्या तिच्याखाली. थोरल्याने फार वर्षांपूर्वी सेटिंग लिहून एडिटरला तसं शिकवलं होतं आणि येईल त्याला ऐकवलं होतं, "माझ्या एडिटरला मी वळण लावलंय." मग वर काय लिहिलं जातंय ते तो कशाला बघेल? त्याची रीत ठरलेली. आज लिहायचं, उद्या चालवून बघायचं. कधी तक्रार आली नाही. ती सुरू झाली धाकटा सोडून गेल्यापासून.

धाकटा गेला तो थोरल्याच्या जिभेमुळे. आई गेल्यावर त्यानेच धाकट्याला वाढवलं, शिकवलं, शेजारच्या टेबलावर बसवलं. त्या नादात स्वतःचं लग्नबिग्न राहूनच गेलं. आणि एक दिवस गिऱ्हाईक काम बघायला आलेलं असताना तो हसत हसत बोलून गेला, "हा काय, सकाळी लवकर येऊन नुसता फायली चाळत बसतो. याच्यापेक्षा माझा एडिटर बरा." गिऱ्हाईक हसलं. धाकटाही हसला. आठवड्याभरात त्याने दुसरीकडे नोकरी धरली आणि खोलीही घेतली.

आता घर खायला उठलं होतं. कामात काही अडलं की थोरला मान वळवून "हे बघ रे" म्हणायचा, आणि मग रिकाम्या खुर्चीपुढे उगाच खाकरायचा. हळूहळू त्याच्या डोक्यात भरलं, की जाता जाता धाकट्यानेच काहीतरी करून ठेवलंय. राग आला ते बरंच वाटलं. रागात निदान सोबत होती. फोन करून चांगलं खडसवायचं, असं त्याने ठरवलं. पण आधी पुरावा हवा. म्हणून त्याने दुरून स्क्रीन बघून दुरुस्ती करणाऱ्या एका जाणकार बाईंना फोनवर गाठलं.

बाईंनी थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं. "अहो, तुमची सेटिंगची फाइल भलत्याच फोल्डरमध्ये आहे. एडिटर ती वाचतच नाही."

"कोणी हलवली?" त्याने लगेच विचारलं.

"कोणी नाही. तयार केलीत तेव्हापासून तिथेच आहे. ही सेटिंग एक दिवससुद्धा चाललेली नाही."

"काहीतरीच काय. इतकी वर्षं ओळी जागेवर होत्या."

"मग रोज कोणीतरी हाताने बसवत असणार," बाई म्हणाल्या. त्यांनी फाइल एक फोल्डर बाहेर काढली आणि फोन ठेवला.

थोरल्याने एक नाव टाइप केलं. नवी ओळ मुकाट पायाच्या ओळीखाली जाऊन बसली. प्रोग्राम सुरू झाला. तो मात्र बसूनच राहिला. सकाळी लवकर येऊन नुसता फायली चाळत बसतो. त्याला स्वतःचीच लाज वाटली. एकदाही बोलला नाही पोरगा. 'दादा, तुझं चुकलंय' एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. नसतं चाललं, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्याने फोन लावला. खडसवायला जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना.

"दादा?" पलीकडून धाकट्याचा आवाज आला. "ओळ वर चढतेय ना? ती सेटिंगची फाइल फक्त एक फोल्डर बाहेर काढ. पुढचं आपोआप होईल. तुला जमेल ते."

थोरल्याने समोर पाहिलं. सगळ्या ओळी आपापल्या जागी होत्या.

"नाही रे जमत," तो म्हणाला. "तूच ये."