जिद्दीचा अभाव

पोरगं नापास का होतं, हे त्याच्या स्वभावावरून आपण आधीच सांगू शकतो, असा बुलढाण्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या नीळकंठ सरांचा दावा होता. त्यांचं गणित अडलं ते एका कावेरीपाशी. धाडहून पहिल्या एसटीनं येणारी ही पोरगी एक तास बुडवत नव्हती. परीक्षा आली की वर्गातल्या मुली तिच्याकडूनच सगळं समजून घ्यायच्या आणि पास होऊन जायच्या. ती स्वतः मात्र बीएच्या शेवटच्या वर्षाला, सरांच्याच पेपरात, दोनदा आपटली.

"डोकं आहे, जिद्द नाही," सरांनी निदान करून टाकलं. "हिला एकदा यशाची चव चाखवायला पाहिजे."

यंदा कॉलेजचे अंतर्गत गुण सरांच्या हातात होते. ते त्यांनी सढळ हातानं दिले. निकाल लागला तसं कावेरीला स्टाफरूममध्ये बोलावून त्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

"झालीस बघ ग्रॅज्युएट! दोन अख्खे प्रश्न कोरे सोडले होतेस, तरी पास केलं मी तुला."

कावेरीनं पेढा खाल्ला नाही.

"काऊन पास केलं, सर? ते दोन्ही प्रश्न मले येत होते. बाबा म्हणते, पोरगी बीए झाली का त्याच महिन्यात लग्न."