पहिल्या पानावरचा आकडा

ऑपरेटरबाईंनी अहवालाची फाइल पूर्ण केली, संगणकाला कमांड देऊन तिचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढला आणि तो वेगळा लिहून ठेवला. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी हा लांबलचक आकडा पार बदलतो. त्यामुळे कुणी ढवळाढवळ केली की लगेच कळतं.

साहेबांना ही गोष्ट फारच पसंत पडली. "मग लपवता कशाला, बाई? फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक टाका."

"साहेब, आकडा आत लिहिला की फाइलच बदलते. मग आकडाही बदलतो."

"मग नवा लिहा."

बाईंनी नवा लिहिला. तोही जुळेना. तीन दिवस हाच खेळ चालला, तेव्हा साहेब उखडले. "साधा एक आकडा जुळवता येत नाही, आणि कंत्राट वाढवून हवंय? उद्या जुळला नाही तर दुसरं कुणीतरी बघतो."

चौथ्या दिवशी बाईंनी कमांड दिलीच नाही. पहिल्या पानावर मनाला येईल तो आकडा ठोकला आणि खाली लिहिलं, 'तपासला, जुळला.'

साहेबांनी झोकात सही केली.

 

"बघा बाई, प्रामाणिकपणे काम केलं की कसं सगळं जुळतं."