पद्मजाचं अक्षर

पद्मजाच्या तळहातांना बारा महिने घाम सुटायचा. तात्यांनी मुलीसाठी तुरटीचं पाणी, बेलाडोना आणि तीन डॉक्टर करून पाहिले. तिसरे डॉक्टर म्हणाले, "लग्न झालं की घाम जाईल." दोन स्थळं म्हणाली होती, "घाम गेला की लग्नाचं बघू." आज कागलचे पाहुणे आले. चहा झाल्यावर रीतीप्रमाणे मुलाच्या मामांनी अक्षर बघण्यासाठी कोरा कागद, दौत, टाक पुढं सरकवला. "लिही की नाव, पोरी. भ्यायचं न्हाय." "भीत नाही. घाम येतो," पद्मजा म्हणाली. आईनं चिमटा काढला. "उकाडा आहे ना," तात्या घाईनं म्हणाले. महिना मार्गशीर्ष होता. पद्मजानं टाक बाजूला ठेवून उजवा तळहात कागदावर दाबला. पाच बोटं ओली उमटली. "आधी हे वाचा, मामा." तात्या टीपकागद घेऊन धावले. "असू द्या, तात्या," ती म्हणाली. "वाळेल."